एका इंचाचा माणूस

एक इंच म्हणजे सहा फूट. विमानांच्या प्लास्टिक मॉडेलांच्या १:७२ या प्रमाणाचं सगळं मर्म एवढंच. फूट-इंचांत मोजणाऱ्या लोकांनी ते ठरवलं, म्हणून हा बहात्तरचा चमत्कारिक आकडा. सेंटिमीटरवाल्यांकडे काम असतं तर त्यांनी सरळ शंभर धरले असते. सहा फुटी माणूस या हिशेबाने टेबलावर उभा केला की बरोब्बर एक इंच भरतो. छत्तीस फूट दहा इंच पंखांचं स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं लढाऊ विमान, सव्वासहा इंचांच्या आतच आटोपतं. आणि त्या विमानापायी माझे तीन महिने गेले.

‘खेळणं झालं का तयार?’ असं घरातले विचारतात तेव्हा मी आधी रागावायचो. आता इतिहास सांगतो. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून नेमक्या याच प्रमाणात लाकडी विमानं करून घेतली. एकदोन नव्हे, मागणी पाच लाखांची होती. वर दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावं, म्हणून ही खटपट. हिशेब सोपा आहे. मॉडेल पस्तीस फुटांवर धरलं की ते अडीच हजार फुटांवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. आकार ओळखण्यात चूक झाली तर आपलीच तोफ आपल्याच विमानावर चालायची. एवढं सांगून झाल्यावर समोरचा शांतपणे म्हणतो, ‘बरं, पण खेळणं झालं का तयार?’

खोका उघडला की मी पहिल्यांदा माणूस शोधतो. करड्या प्लास्टिकच्या चौकटीला, म्हणजे स्प्रूला, विमानाचे सगळे अवयव लटकलेले असतात: अर्धं धड, दुसरं अर्धं धड, पंख, चाकं, पंख्याची पाती. त्यांच्यातच कुठेतरी, शेजारच्या चाकाला असावा तसाच एक क्रमांक घेऊन, वैमानिक बसलेला असतो. बसलेला, म्हणून त्याला पुरता इंचही लाभत नाही. हात मांडीवर, चेहऱ्याच्या जागी नुसता उंचवटा. तो लावायचा की नाही, हे मी दर वेळी शेवटावर ढकलतो.

कामाची सुरुवात आतून होते, आणि इथेच या छंदाचा वेडेपणा उघडा पडतो. कॉकपिट म्हणजे बोटाच्या पेराएवढी खोबण. तिला करडा-हिरवा रंग द्यायचा, कडांवर फिकट हात फिरवायचा, घड्याळांच्या काळ्या तबकड्यांवर सुईच्या टोकाने पांढरे ठिपके ठेवायचे, खुर्चीवर कागदाच्या पट्ट्यांचे पट्टे चिकटवायचे. मग धडाचे दोन भाग एकमेकांवर बसवले की हे सगळं कायमचं अंधारात जातं. डोळ्याला भिंग लावून, टॉर्च मारून पाहिलं तर खुर्चीचा माथा कसाबसा दिसतो. तरी पुढच्या खेपेला पुन्हा ठिपके देतोच. माझी आई साडीला फॉल लावताना आतल्या बाजूचे टाकेही सारखे घ्यायची. ‘आत कोण बघतंय?’ असं मी विचारलं की म्हणायची, ‘मी बघतेय ना.’

जोडण्याचा प्रकार मात्र मला फार आवडतो. या कामाचा पातळ सिमेंट खरं तर डिंकासारखा चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो. दोन कडा जुळवून धरायच्या, फटीला भरलेला कुंचला नुसता टेकवायचा; द्रव आपोआप फटीतून धावत जातो, दोन्ही कडा क्षणभर मऊ होतात आणि एकजीव होऊन घट्ट बसतात. नंतर वेगळं करायचं म्हटलं तर मोडावंच लागतं. हा द्रव बोटाखाली ओघळला तर विमानाच्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उठतो. दोनदा उठला आहे. घासून काढता येतो, पण त्याबरोबर पंखावरच्या, पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेघाही जातात.

त्या रेघांवरून मॉडेलवाल्यांत जेवढे वाद होतात तेवढे क्वचितच कशावरून होत असतील. मॉडेलवरची पाव मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर अठरा मिलिमीटरची भेग. असं भेगाळलेलं विमान उडेल कशाला! खरं स्पिटफायर अंगाने गुळगुळीत होतं, आणि तो गुळगुळीतपणा त्याच्या कर्त्यांनी कसा पारखला ती हकिगत मला पाठ आहे. पत्र्यात सपाट बसणारे रिव्हेट महाग आणि वेळखाऊ. गोल डोक्याचे स्वस्त. मग सपाट रिव्हेट नक्की कुठे हवेत? त्यांनी वाटाण्याची डाळ आणली आणि प्रत्येक सपाट रिव्हेटवर एकेक डाळ चिकटवून विमान उडवलं. वेग ताशी बावीस मैलांनी घटला. मग एकेका भागावरची डाळ खरवडून काढत पुन्हा पुन्हा उड्डाणं केली आणि कुठे गोल डोकं चालेल ते ठरवलं. लढाऊ विमानाच्या पंखावर तन्मयतेने डाळ चिकटवणारी ती मंडळी मला अगदी आपल्या जातकुळीची वाटतात.

रंगाची गोष्ट आणखी अवघड. मी १९४० च्या उन्हाळ्यातलं, इंग्लंडवरच्या हवाई लढाईतलं विमान करायला घेतलं होतं. वरच्या अंगाला मातकट तपकिरी आणि गडद हिरवा, यात वाद नाही. उंचावरून पाहणाऱ्या शत्रूला ते खालच्या शेतांत मिसळून जावं हा हेतू. पोटाचा रंग मात्र डोकेदुखी. जूनपर्यंत एक पंख खालून काळा आणि दुसरा पांढरा असायचा, जमिनीवरच्या निरीक्षकांना आपलं विमान ओळखू यावं म्हणून. मग हुकूम आला की पोट ‘स्काय’ रंगाचं करा. नाव आकाशाचं, पण रंग निळा नाही. फिकट हिरवट, थोडासा पिवळसर. तो पुरेसा मिळेना. जिथे मिळाला नाही तिथे हाताशी असलेले रंग कालवून लोकांनी वेळ मारून नेली. म्हणजे त्या उन्हाळ्यात एकाच आकाशाच्या कितीतरी छटा उडत होत्या, आणि त्या काळचे बहुतेक फोटो काळे-पांढरे. मी सलग तीन संध्याकाळी बाटल्या कालवत होतो. चौथ्या संध्याकाळी लक्षात आलं, की अपुऱ्या रंगात चमचा फिरवणारा तिथला कुणी रंगारीही हेच करत असणार. फरक इतकाच की त्याला दुपारपर्यंत विमान परत द्यायचं होतं.

डिकलचं, म्हणजे विमानावरच्या खुणांच्या पातळ छापील चित्रांचं, काम एका बैठकीत झालं. ब्रिटिश हवाई दलाच्या खुणेची, मध्ये तांबडा ठिपका असलेली वर्तुळं पाण्यात भिजवून सरकवून बसवायची, एवढंच. खाली चकचकीत वॉर्निशचा थर नसेल तर कडेला चांदीसारखी हवा दिसत राहते, म्हणून तो द्यायचा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं विमान करणाऱ्याला यातला तांबडा ठिपका लागत नाही. तिथे जपान्यांच्या सूर्यबिंबाशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिशांनी आपल्या खुणेतला लाल रंगच काढून टाकला होता.

आणि आता, तीन महिने डोळ्यांत तेल घालून स्वच्छ ठेवलेलं विमान मळवायचं. हा भाग पाहुण्यांना कधीच कळत नाही. इंजिनाच्या धुराड्यांमागे करडा-तपकिरी धूर ओढायचा, यांत्रिकाचे बूट पडतात तिथे पंखाच्या मुळाशी रंग खरवडून चांदी दाखवायची, पोटावर तेलाचे ओघळ. मळवताना हात थांबत नाही, हा मोठा धोका आहे. माझं पहिलं विमान चिखलातून ओढून काढल्यासारखं झालं होतं. खरी कित्येक विमानं तर एवढी जुनी व्हायला उरलीच नाहीत.

मळ देताना एक निर्णय घ्यावाच लागतो. या विमानाच्या पंखांत आठ मशीनगन. त्यांच्या तोंडांत धूळ आणि गारठा जाऊ नये म्हणून उड्डाणापूर्वी त्यांवर कापडाच्या छोट्या तांबड्या चिकटपट्ट्या लावत. पहिली गोळी सुटली की ती पट्टी फाटायची. गोळ्या होत्या सलग पंधरा सेकंदांच्या आसपास पुरतील एवढ्या. मग पंखाखाली काजळीचे पट्टे ओघळायचे. म्हणजे पंखावर आठ तांबडे चौकोन अखंड असतील तर लढाई अजून व्हायची आहे. फाटलेले असतील तर होऊन गेली आहे. मधलं काही मॉडेलला दाखवता येत नाही. दोन्ही एकाच विमानावर रंगवलं तर जाणकार हसतात, आणि हसावंच.

मी चार दिवस ते विमान तसंच ठेवलं. तांबड्या पट्ट्या सुंदर दिसतात, हे कबूल. हिरव्या-तपकिरी रंगावर नीटस, शाळेत निघालेल्या मुलाच्या कपाळावरच्या टिळ्यासारख्या. पण त्या लावल्या की पुढचं सगळं डोक्यात सुरू होतं. त्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने सुमारे २,९०० जण उडाले, त्यातले ५४४ त्या काही महिन्यांतच गेले. बहुतेक विशी-बाविशीतले. खोक्यातल्या त्या बिनचेहऱ्याच्या गृहस्थाला खुर्चीत बसवून, काच बंद करून, वर अखंड पट्ट्या लावायच्या, म्हणजे त्याला मी दररोज सकाळी पाठवत राहणार आणि तो कपाटातच कायमचा निघालेला राहणार.

शेवटी पट्ट्या लावल्या नाहीत. बंदुकीच्या भोकांभोवती फाटक्या कापडाचे तांबडे धागे रंगवले, पंखाखाली काजळी ओढली. थोडी जास्तच झाली, ओल्या बोटाने पुसून घेतली. कॉकपिटची काच मागे सरकवली. डाव्या बाजूला चढण्या-उतरण्यासाठी एक छोटं फळकूट असतं, ते धारदार पात्याने कापून वेगळं केलं आणि खाली उघडं लावलं. कापताना पातं निसटलं, त्यामुळे बिजागरीपाशी एक ओरखडा आहे. तो मी तसाच ठेवला.

खुर्ची रिकामी आहे, आणि काच मागे असल्यामुळे तबकड्यांवरचे दोनचार ठिपकेही या खेपेला दिसतात. माणूस अजून स्प्रूवरच आहे, खोक्यात, आपल्या क्रमांकासकट. घरी आलेल्या कुणी ‘पायलट कुठे?’ असं विचारलं तर मी सांगतो, उतरला, चहा प्यायला गेलाय.