इम्प्लांट ठरवताना साईझ सगळ्यात शेवटी

ब्रेस्ट इम्प्लांटचा विचार चाललाय असं जवळच्या मैत्रिणींना सांगितलं तर प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच, "किती मोठे करणारेस गं?" दुसरा प्रश्न नवऱ्याचं काय म्हणणं, आणि तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. खरं तर साईझ ही यादीत सगळ्यात खाली यायला हवी, आणि ती पण बरीचशी तुमच्या छातीची रुंदीच ठरवते, तुम्ही नाही.

माझं कारण साधं आहे. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही मुलं भरपूर अंगावर प्यायली, आणि आता वरचा भाग रिकामा झालाय. इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नुसतं रिकामं होणं वेगळं आणि ओघळणं वेगळं. निपल खालच्या घडीच्याही खाली गेलं असेल तर नुसतं इम्प्लांट घालून भागत नाही, लिफ्ट म्हणजे स्तन वर उचलून बसवायचं ऑपरेशन करावं लागतं, नाहीतर जड वस्तू घालून ओघळलेलं अजून ओघळणार. माझं तिथपर्यंत गेलेलं नाहीये म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिला फाटा, आत भरलेलं काय. सलाईन म्हणजे सिलिकॉनची रिकामी पिशवी आत सरकवायची आणि मग टेबलवरच मिठाच्या पाण्याने भरायची, त्यामुळे चीर लहान लागते आणि दोन बाजू कमीजास्त असतील तर भरताना जुळवता येतं. फुटली तर ती बाजू बसते, पाणी शरीर शोषून घेतं, म्हणजे निदान कळतं तरी. सिलिकॉन जेलचं तसं नाही, ते फुटलं तरी बऱ्याचदा बाहेरून काहीच कळत नाही, याला सायलेंट रप्चर म्हणतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) सांगून ठेवलंय की 5-6 वर्षांनी पहिला अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय करा आणि मग दर 2-3 वर्षांनी करत राहा, काही त्रास नसला तरी. हे ऐकून मी सलाईनकडे झुकले होते, पण मी बारीक आहे, आणि अंगावर चरबी कमी असली की सलाईनच्या सुरकुत्या कातडीतून दिसतात, हाताला पण लागतात. शिवाय इथे पुण्यात मी ज्या डॉक्टरांना भेटले त्यांनी टेबलवर फक्त सिलिकॉनच मांडलं. नवीन जेल घट्ट असतं, कापलं तरी वाहत नाही, जेलीच्या वडीसारखं जागेवर राहतं, त्यालाच सगळे गमी बेअर म्हणतात.

मधेच एक गंमत. जगातलं पहिलं सिलिकॉन इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसी नावाच्या बाईला बसवलं, आणि ती मुळात छातीवरचा टॅटू काढायला गेली होती. तिला इम्प्लांट नकोच होतं, तिला कान मागे बसवून हवे होते, डॉक्टर कान पण करून देतो म्हणाले तेव्हा कुठे ती हो म्हणाली. मग 1992 मध्ये एफडीएने कॉस्मेटिक सर्जरीसाठी सिलिकॉन बंद केलं, 2006 ला परत सुरू केलं, ते सुद्धा वय 22 किंवा जास्त असेल तरच, सलाईनला मात्र 18. म्हणजे हा काही सरळ चालत आलेला माल नाहीये. फ्रान्समध्ये तर पीआयपी नावाच्या कंपनीने मेडिकलऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरून वर्षानुवर्षं विकलं, 2010 मध्ये ते बाजारातून काढलं आणि मालक पुढे तुरुंगात गेला. म्हणून कुणी "मॅडम तसंच आहे, फक्त स्वस्त" म्हणालं की मी उठते.

आता माझ्या मते खरा मुद्दा, ज्यावर मैत्रिणी कधीच बोलत नाहीत, तो म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग. गुळगुळीत म्हणजे स्मूथ, आणि खरखरीत म्हणजे टेक्श्चर्ड. कुठलंही इम्प्लांट घातलं की शरीर त्याभोवती स्वतःचं एक वेष्टण तयार करतं, ते सगळ्यांनाच होतं, त्यात काळजीचं काही नाही, पण कधी कधी ते आवळत जातं, स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो, डॉक्टर त्याला बेकर ग्रेड 1 ते 4 असे नंबर देतात आणि 3-4 ला परत ऑपरेशनची वेळ येते. टेक्श्चर्ड आलं ते हे आवळणं कमी व्हावं म्हणून, आणि इम्प्लांट आत फिरू नये म्हणून. पण त्याच्याभोवतीच्या वेष्टणात एक दुर्मिळ लिम्फोमा होतो असं हळूहळू लक्षात आलं, बीआयए-एएलसीएल, तो स्तनाचा कॅन्सर नाही, रोगप्रतिकारक पेशींचा आहे, आणि बहुतेक वेळा बऱ्याच वर्षांनी एका बाजूला अचानक पाणी भरून सूज येते तेव्हा सापडतो. जुलै 2019 मध्ये अ‍ॅलर्गनचं बायोसेल टेक्श्चर जगभरातून परत मागवलं गेलं. लवकर कळलं तर इम्प्लांट वेष्टणासकट काढून बहुतेकजणी बऱ्या होतात, आणि प्रमाण खूप कमी आहे, हे सगळं मान्य, पण हौसेच्या ऑपरेशनसाठी तेवढी जोखीम मी घेणार नाही. माझं स्मूथ ठरलं.

इथे दुकानदारी पण चालते बरं का. एका ठिकाणी कोऑर्डिनेटर ताईंनी नॅनो, मायक्रो, सिल्क असे इतके शब्द फेकले की मला साडीच्या दुकानात बसल्याचा भास झाला. यावर उपाय म्हणजे खरखरीतपणा किती मायक्रॉन ते सरळ विचारायचं. आयएसओच्या मानकात 10 मायक्रॉनच्या आत असेल तर स्मूथ, 10 ते 50 मायक्रो, त्याच्यावर मॅक्रो. आकडा विचारला की समोरचा एकतर डॉक्टरांना बोलावतो नाहीतर ब्रोशर शोधायला लागतो.

स्मूथ ठरलं की आकार आपोआप ठरला. थेंबाच्या आकाराचं अ‍ॅनाटॉमिकल इम्प्लांट आत फिरलं तर सगळा आकार वेडावाकडा होतो, म्हणून ते सहसा खरखरीतच असतं. राउंड फिरलं तरी गोलच, कुणाला कळणार.

मग मापं. छातीची रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजतात, आणि इम्प्लांटचा व्यास त्याच्या आतच ठेवावा लागतो, नाहीतर कडा काखेत जाते किंवा मधे एकमेकांना चिकटतात. 300 सीसी (म्हणजे मिलीलिटर) लो प्रोफाईलमध्ये पसरट आणि हाय प्रोफाईलमध्ये अरुंद पण पुढे आलेलं, म्हणजे नुसता सीसीचा आकडा ऐकून मैत्रिणीसारखंच हवं म्हणण्यात काही अर्थ नाही. आणि 300 सीसी म्हणजे साधारण 300 ग्रॅम, दोन्ही मिळून सहाशे, पाठीला विचारून घ्या. घरी अंदाज घ्यायचा तर मोज्यात तांदूळ मोजून भरून टाईट ब्रामध्ये घालून फिरतात, मी पण केलं (कोलम वापरला, इंद्रायणीने काही वेगळं झालं नसतं). सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात मेजरिंग कप बघितला आणि डाएट करतेयस का विचारलं, मी हो म्हटलं.

स्नायूच्या वर की खाली हे वरच्या भागाची चिमूट किती जाड येते त्यावर, 2 सेंटीमीटरच्या आत आली तर सहसा स्नायूखाली, किंवा ड्युअल प्लेन म्हणजे वरचा अर्धा भाग स्नायूखाली. दुखतं जास्त, आणि जिममध्ये छातीचा व्यायाम करताना ते हलताना दिसू शकतं, पण वरची कडा झाकली जाते. चीर खालच्या घडीत, निपलभोवती नको, तिथे दुधाच्या नळ्यांना धक्का लागायची शक्यता जास्त.

खर्चाचं एकच सांगते, इन्शुरन्स काही देत नाही आणि हौसेच्या सर्जरीवर वर 18 टक्के जीएसटी लागतो, तो कोटेशनमध्ये धरलाय का बघा. हे आयुष्यभराचं पण नसतं, पुढे कधीतरी बदलायचं किंवा काढायचं ऑपरेशन धरूनच चाला. सर्जन एमसीएच (एमएसच्या पुढची पदवी) प्लास्टिक सर्जरी आहे का बघा, आणि इम्प्लांटच्या सीरियल नंबरचं स्टिकर लावलेलं कार्ड हातात मिळाल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका.

तर सध्या स्मूथ, राउंड, घट्ट जेल, ड्युअल प्लेन, मॉडरेट प्रोफाईल एवढं पक्कं. आकडा 225 की 250 यावर माझं आणि डॉक्टरांचं अजून जमत नाहीये, ते 250 म्हणतात, मी तांदळाच्या भरवशावर 225.