तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सांभाळून मुलांची दिवाळी

दसरा झाला की हा प्रश्न हमखास येतो. घरी पोचायला साडेसात होतात, मुलं चार आणि सात वर्षांची, मग घरात दिवाळी आल्यासारखी वाटणार कशी? सगळं विकत आणलं तर मुलांच्या हाताला काहीच लागत नाही, आणि सगळं घरी करायचं म्हटलं तर करायचं कधी?

मुलांच्या दिवाळीतल्या बऱ्याच गोष्टींना अर्धा तास हात लावावा लागतो, मग नुसती वाट बघायची असते. माती वाळते, हळीव उगवतं, रंग सुकतो, पीठ मुरतं. यातलं बरंचसं तुम्ही ऑफिसात असताना आपापलं होत राहतं. म्हणून कामांची यादी करताना कशाला किती दिवस थांबावं लागतं ते आधी बघा. ज्याला जास्त दिवस, ते पहिलं.

त्या हिशोबाने पहिला नंबर किल्ल्याचा. वसुबारसेच्या आठवडाभर आधीचा शनिवार-रविवार त्यासाठी धरा. गॅलरीत दोन बाय तीन फूट जागा पुरते. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी विटांवर चढवून घ्या, नाहीतर खालच्या मजल्यावरून लाल पाण्याची तक्रार येणार. डोंगराला विटा कमी पडल्या तर पुठ्ठ्याचे खोके चालतात, पण खोक्यावर आधी प्लॅस्टिकची पिशवी ओढायची. ओला पुठ्ठा दुसऱ्या दिवशी बसतो आणि बालेकिल्ल्यासकट सगळं खाली येतं. वर गोणपाट मातीच्या राड्यात बुचकळून पसरा. राडा दह्याइतका दाट हवा. नुसत्या चिकण मातीला वाळताना भेगा पडतात, म्हणून चार भाग मातीला एक भाग बारीक वाळू घाला. माती चाळायचं काम चार वर्षांच्या भिडूला द्या. त्यात तो तासभर रमतो.

हिरवळीसाठी उतारावर हळीव आणि सपाटीवर मोहरी. दोन चमचे हळीव पंधरा मिनिटं पाण्यात ठेवलं की दाण्यांभोवती बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे ते उभ्या कड्यालाही चिकटून बसतं. मोहरी तिथून घरंगळते. पाणी तांब्याने ओतायचं नाही, माती वाहून जाते. शाळेत जायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा फवारणीच्या बाटलीने मारायचं, आणि ही बाटली मुलांच्याच ताब्यात द्यायची. तीन-चार दिवसांत हिरवं दिसायला लागतं, आठवड्यात बोटभर होतं. हौसेने पंधरा दिवस आधी पेरलंत तर ऐन दिवाळीत ते पिवळं पडून आडवं होतं.

नमुना म्हणून राजगड घ्या. मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याच्याभोवती पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या. एका संध्याकाळी एक माची, असं काम आपोआप वाटलं जातं. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत राजगड आहे, हे सात वर्षांच्या मुलाला सांगितलंत तर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ऐकवेल.

फराळाबद्दल माझं मत जरा कडक आहे. एक पदार्थ मुलांबरोबर, एक तुम्ही रात्री एकटीने, बाकी सगळं विकत. अनारसे, चिरोटे, करंज्या बचत गटाकडे किंवा ओळखीच्या काकूंकडे सांगून टाका. मात्र दसऱ्यानंतर लगेच, कारण शेवटच्या आठवड्यात कोणी ऑर्डर घेत नाही. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. अनारशाचा तांदूळच तीन दिवस भिजतो.

मुलांबरोबर करायला शंकरपाळे. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, चिमूटभर मीठ. साखर विरघळेपर्यंत गरम करा, कोमट होऊ द्या आणि मग मावेल तेवढा मैदा घाला. साधारण साडेचार-पाच वाट्या लागतो. गरम मिश्रणात मैदा घातला तर शंकरपाळे दगड होतात. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. पोळीच्या दुप्पट जाड लाटून कातणं मुलांच्या हातात द्या. चौकोनांबरोबर त्रिकोण येतील, एखादी होडीही येईल. येऊ द्या, फक्त एका घाण्यात सारख्या आकाराचे घाला, नाहीतर छोटे आधी करपतात. तळायच्या वेळी मुलं स्वयंपाकघराबाहेर. पहिला एकच टाकून बघा. तो तेलात विरघळायला लागला तर तूप जास्त झालंय, थोडा मैदा मळून घ्या. आच मंद ते मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून लाल होतात आणि आतून कच्चे राहतात.

रात्रीचा पदार्थ चिवडा. अर्धा किलो पातळ पोहे मंद आचेवर, बोटांत चुरगळेपर्यंत भाजा. आच वाढवली की ते आकसतात. मीठ फोडणीत, पिठीसाखर गॅस बंद केल्यावर. डब्यात सकाळी भरा, कोमट भरलात तर दोन दिवसांत सादळतो.

पणत्या रंगवायला ॲक्रिलिक रंगच आणा, पोस्टर कलर पाण्यात उतरतो. वातीची चोच कोरी ठेवा. रंग दिवसभर वाळला की पणत्या दोन तास पाण्यात बुडवा, म्हणजे तेल कमी पितील. कंदील घोटीव कागदाचा असो वा पतंगीचा, आत एलईडी दिवाच लावा. जुन्या पिवळ्या बल्बने कागद करपतो.

एकच जादा रजा शिल्लक असेल तर ती नरक चतुर्दशीच्या आदल्या दुपारी अर्धी टाका. मुलं साडेआठला झोपली तरच पहाटे अभ्यंगाला उठतील. पाट, तेलाची वाटी, उटणं, कारीट, नवे कपडे रात्रीच काढून ठेवा. उटणं आदल्या दिवशी मुलाच्या हाताला थोडं लावून बघा. अंगावर लाली आली तर नुसतं दूध-बेसन चालेल. पाटाखाली आणि पुढे जुना टॉवेल अंथरा, तेलाने फरशी भयंकर निसरडी होते.

फुलबाज्या लांब घ्या आणि त्या लावताना सुती कपडे घाला. जरीचा नायलॉन फ्रॉक फोटोपुरता ठीक आहे. ठिणगी पडली तर तो वितळून अंगाला चिकटतो. विझलेली तारही बराच वेळ तापलेली असते आणि अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो, म्हणून पाण्याची बादली शेजारीच ठेवा आणि तार तिच्यात टाकायची सवय लावा. नागगोळ्या आणूच नका. धूर नेमका मुलांच्या नाकाच्या उंचीवर साठतो, आणि फरशीवरचा काळा डाग भाऊबीजेपर्यंत घासला तरी निघत नाही.