दोन बोटे आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर

माझा मावसभाऊ रबाळ्याच्या एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या पाळीत, डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला त्याने उजवा हात आत घातला आणि नेमका तेव्हाच प्रेसचा ठोका पडला. तर्जनी आणि मधले बोट, दोन्ही मुळापासून गेली. तीन आठवड्यांनी एका रविवारी तो दिघ्याहून कळव्याला माझ्या घरी आला, तेव्हा बँडेज बांधलेला हात छातीशी धरलेला होता आणि डाव्या हातातल्या पिशवीत पाचशे रुपयांचा एक स्टॅम्प पेपर होता. "ताई, तू रोज हेच काम करतेस. एकदा वाचून दे, उद्या अंगठा द्यायचा आहे," तो म्हणाला.

रोज हेच काम करते हे खरे असले, तरी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. वागळे इस्टेटमधील लहान कारखान्यांची पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, यांचे भरणे यांचे काम मी कित्येक वर्षे करत आले आहे, म्हणजे माझी फी मालक देतात. त्यामुळे तो कागद कशासाठी तयार केला आहे हे समजायला मला फार वेळ लागला नाही. मालकाकडून दोन लाख रुपये स्वखुशीने स्वीकारले असून या दुखापतीबद्दल कर्मचारी भरपाई, ईएसआय किंवा अन्य कोणत्याही कायद्याखाली आपली काहीही मागणी उरलेली नाही, असे त्याच्या तोंडी घातलेले होते. पन्नास हजार आधीच रोख दिलेले होते. उरलेले दीड लाख अंगठ्यानंतर मिळणार होते.

घरातल्या सर्वांचे मत पैसे घ्यावेत असे होते. माझ्या मावशीचे म्हणणे असे की आधी हे दोन लाख घ्यावेत आणि मग ईएसआयकडून जे काय मिळेल तेही घ्यावे, कारण दोन वेगवेगळ्या खिशांतून येणारा पैसा एकमेकांच्या आड कशाला येईल? हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर पुष्कळ जणांना ठाऊक नसते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे. अपघात २०२३ मधला असल्यामुळे मी तेव्हा लागू असलेल्या दोन कायद्यांविषयी लिहिते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले गेले आहेत.

कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यायची, हे सांगणारा पहिला कायदा १९२३ चा, म्हणजे कर्मचारी भरपाई अधिनियम. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने तीच जबाबदारी मालकाच्या खांद्यावरून उचलून विमा महामंडळाकडे दिली आणि त्या बदल्यात मालकाकडून आणि कामगाराकडून दरमहा वर्गणी घेतली. भावाचा पगार १८,००० रुपये होता. त्यातून ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये कापले जात आणि मालक ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये भरत असे. ही जबाबदारी एकदा विम्याकडे गेली, की ती पुन्हा मालकाकडे येत नाही. ईएसआय कायद्याचे कलम ५३ सांगते की विमाधारक कामगाराला कामावरील दुखापतीसाठी १९२३ च्या कायद्याखाली किंवा अन्य कोणत्याही कायद्याखाली मालकाकडून भरपाई अथवा नुकसानी घेण्याचा हक्क नाही. आणि कलम ६१ तशाच स्वरूपाचा लाभ इतर कायद्यांखाली घेण्याचा मार्ग बंद करते. सर्वोच्च न्यायालयासमोर १९९६ साली आलेल्या प्रकरणात दूरचित्रवाणी संच दुरुस्त करताना जखमी होऊन एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या कामगाराने ईएसआयचा लाभ घेऊन वर मालकाकडे भरपाई मागितली होती. न्यायालयाने ती मागणी कलम ५३ मुळे टिकत नाही असे ठरवले. पुढच्याच वर्षी, मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी नुकसानी मागण्याचा मार्गही न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून बंद केला.

अमेरिकेत हीच गाठ वेगळ्या पद्धतीने सोडवतात. तिथे सामाजिक सुरक्षेचा अपंगत्व लाभ आणि कामगार भरपाई दोन्ही मिळू शकतात, परंतु दोन्हींची बेरीज अपघातापूर्वीच्या सरासरी कमाईच्या ८० टक्क्यांवर गेली तर वरचा भाग कापला जातो, आणि एकरकमी तडजोड झाली असेल तर ती रक्कम महिन्यांमध्ये विभागून कपात मोजतात. म्हणजे तिथे मर्यादा आहे, तर आपल्याकडे विमाधारकासाठी दुसरे दार मुळातच नाही.

म्हणून मावशीला मी सांगितले की दोन लाख ही कायद्याने द्यायची भरपाई नव्हेच. ज्याच्याकडे कायद्याने मागताच येत नाही, तो आपण होऊन दोन लाख का देतो, हा खरा प्रश्न आहे. पण त्याआधी आकडे मांडले, कारण आकडे पाहिल्याशिवाय आमच्या घरात कोणी काही ऐकत नाही.

ईएसआयमध्ये कामावर असमर्थ असलेल्या काळात सरासरी दैनिक मजुरीच्या ९० टक्के दराने तात्पुरता अपंगत्व लाभ मिळतो, आणि आजारपणाच्या लाभाला लागते तशी आधी ठरावीक दिवस वर्गणी भरल्याची अट त्याला नसते. जखम भरून आल्यावर वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेतील घट टक्क्यांत ठरवते आणि त्या प्रमाणात कायम अपंगत्वाचा लाभ सुरू होतो. टक्केवारीची यादी कायद्यालाच जोडलेली आहे आणि ती वाचताना मला प्रत्येक वेळी विचित्र वाटते: एकट्या तर्जनीचे १४ टक्के, एकट्या मधल्या बोटाचे १२, परंतु एका हाताची दोन बोटे गेली तर २६ नव्हे, २०. अंगठा एकटाच ३० टक्क्यांचा. ही बेरीज कोणी आणि कशी बसवली असेल, हे तो यादी करणाराच जाणे.

त्याची सरासरी दैनिक मजुरी ६०० रुपये धरली, तर पूर्ण दर ५४० रुपये आणि त्याचे २० टक्के म्हणजे रोजचे १०८ रुपये. ऐकायला ही रक्कम किरकोळ आहे आणि मावशीचा चेहरा ती ऐकून उतरलाही. परंतु वर्षाचे ३९,४२० रुपये होतात, पाच वर्षे आणि थोड्या दिवसांत दोन लाख फिटतात, आणि भाऊ तेव्हा ३५ वर्षांचा होता. हा लाभ तहहयात चालतो, तो पुन्हा त्याच प्रेसवर पूर्ण पगारावर उभा राहिला तरी थांबत नाही, आणि महागाई पाहून महामंडळ जुन्या लाभधारकांचे दर अधूनमधून वाढवते. तो ईएसआयमध्ये नसता तर १९२३ च्या कायद्याखाली काय मिळाले असते, तेही त्याच कागदावर लिहिले. त्या कायद्यात महिन्याची मजुरी १५,००० पेक्षा जास्त धरत नाहीत. तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले ३५ व्या वर्षासाठीचा घटक १९७.०६, आणि त्याचे २० टक्के, म्हणजे ३,५४,७०८ रुपये एकदाच. रोजच्या १०८ रुपयांना तिथे पोहोचायला नऊ वर्षे लागतात. मालकाची दोन लाखांची उदारता या दोन्ही हिशेबांत तोकडी पडत होती.

आता तो पैसा कशासाठी होता ते सांगते. त्या प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे होती, म्हणजे ठोका पडताना हात आत असूच शकत नाही. माल लवकर निघावा म्हणून त्यातले एक बटण तार जोडून कायमचे चालू ठेवले होते आणि काम एका हातावर चालले होते. कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकणार नाही अशा दुखापतीची सूचना तेव्हाच्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे कारखाना निरीक्षकाकडे द्यावी लागे, आणि निरीक्षक आला असता तर त्याने सर्वांत आधी ती तार पाहिली असती. ईएसआयचा लाभ मागायचा तर अपघाताचा अहवाल द्यावा लागतो, आणि अहवाल म्हणजे तारीख, वेळ, यंत्र आणि साक्षीदार. त्या पाळीच्या सुपरवायझरने त्याला ईएसआयच्या रुग्णालयात न नेता ज्या खासगी रुग्णालयात नेले, तिथल्या केसपेपरवर दुखापतीचे कारण "घरी ग्राइंडर वापरताना" असे नोंदवलेले होते. दिघ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत ग्राइंडर कुठून आला, हे विचारायचे कोणाला सुचले नसावे.

म्हणजे त्या कागदावर कामगाराचा हक्क विकत घेतला जात नव्हता. ईएसआयचा लाभ कलम ६० प्रमाणे दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि त्यावर जप्तीही येत नाही. असा हक्क मालकाला लिहून देण्याला अर्थ नाही. विकत घेतली जात होती ती अपघाताची नोंद. ती झालीच नाही, तर हक्क कागदोपत्री शाबूत राहतो, परंतु तो सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

सोमवारी त्याने अंगठा दिला नाही. अपघाताची तारीख, पाळी, यंत्र आणि शेजारच्या प्रेसवरच्या दोघांचा उल्लेख असलेला अर्ज आम्ही मालकाला देऊन पोच घेतली आणि त्याची प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात दिली. हजेरीच्या यंत्रात त्या दिवशीची त्याची पाळी सुरू झाल्याची नोंद होती. बाहेर पडल्याची नव्हती. केसपेपर आणि हजेरी यांच्यातील हा फरक समोर ठेवल्यावर मालकाने अहवाल पाठवला. शेठने मला फोन करून "तुम्ही आमच्याच लाइनच्या, तुम्हीच असे केलेत?" असे विचारले. मी त्यांना एवढेच म्हटले की दरमहा ५८५ रुपये भरून तुम्हीच ही जबाबदारी विम्याकडे दिली आहे, तिचा उपयोग करा.

मिळालेल्या पैशांपैकी पन्नास हजारांचा प्रश्न सोपा निघाला. ती कोणत्याही कायद्याखालची भरपाई नव्हती, तिच्यावर कुठे सही नव्हती, आणि कार्यालयाने ती लाभाच्या हिशेबात धरली नाही. अडचण आली ती पगाराची. मालकाने पहिल्या ३१ दिवसांचा पगार भरपगारी रजा दाखवून दिला होता, आणि कलम ६३ प्रमाणे ज्या दिवसाची मजुरी मिळाली त्या दिवसाचा तात्पुरता अपंगत्व लाभ मिळत नाही. भाऊ एकूण ७७ दिवस घरी होता. त्यामुळे लाभ मिळाला तो ४६ दिवसांचा, २४,८४० रुपये. पगाराची गोष्ट कार्यालयाला सांगूच नये, असा सल्ला त्याला कारखान्यातल्या कोणीतरी दिला होता. तसे केले असते तर जास्तीची रक्कम पुढे परत भरावी लागली असती, शिवाय खोट्या निवेदनाचा ठपका वेगळा, आणि ज्या माणसाची सगळी बाजू नोंदींच्या खरेपणावर उभी आहे त्याने एक नोंद लपवणे मला शहाणपणाचे वाटले नाही.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या वर असल्यामुळे ईएसआय लागू नाही, त्यांच्याबाबत चित्र वेगळे आहे. तिथे तडजोडीचा कागद खरोखर महत्त्वाचा ठरतो. (वर्गणीच्या सहामाहीच्या मध्येच पगार त्या मर्यादेपुढे गेला, तरी ती सहामाही संपेपर्यंत संरक्षण चालू राहते, हे लक्षात ठेवावे.) १९२३ च्या कायद्याखाली हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने निरर्थक ठरतो, आणि एकरकमी तडजोडीचे टिपण मालकाने कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंदणीसाठी पाठवावे लागते. ते न पाठवल्यास कलम २९ प्रमाणे मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि आधी दिलेल्या रकमेपैकी, आयुक्तांनी वेगळे सांगितले नाही तर, निम्म्याहून अधिक रक्कम त्यातून वजा करता येत नाही. उपचारांवर केलेला खर्च तर भरपाई म्हणून धरताच येत नाही. "दवाखान्याचे सगळे बिल मी भरले, आता आणखी काय," हे वाक्य मी इतक्या केबिनमध्ये ऐकले आहे की त्याचे उत्तर इथे लिहून ठेवलेले बरे.

आणखी एक घोटाळा होतो तो टक्क्यांचा. ईएसआयचे २० टक्के ही कमाईच्या क्षमतेतील घट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ४० टक्क्यांची मर्यादा वेगळ्या मोजमापाची आहे, आणि एक प्रमाणपत्र दुसऱ्याच्या जागी चालत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील अपंगत्वाचे निवृत्तिवेतन पूर्ण व कायम अपंगत्वासाठीच आहे, त्यामुळे दोन बोटांना तिथे काही नाही. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापले जाणारा पंतप्रधान सुरक्षा विमाही हात किंवा पाय जाण्याच्या मोजमापात बोलतो.

वैद्यकीय मंडळापुढे तो गेला तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरांनी त्याला पेन धरायला सांगितले, शर्टाचे बटण लावायला सांगितले, टेबलावरचे नाणे उचलायला सांगितले. नाणे त्याने अंगठा आणि अनामिका यांच्यामध्ये धरून उचलले, दोनदा निसटल्यानंतर. हे तो मला लोकलमध्ये सांगत होता आणि सांगता सांगता खिशातून रुपया काढून करूनही दाखवत होता.

पुन्हा कामावर रुजू झाला त्या दिवशी हजेरीच्या यंत्रापाशी तो जरा वेळ उभा राहिला, कारण यंत्रात नोंदवलेले बोट उजव्या हाताची तर्जनी होते. ऑफिसातल्या मुलाने त्याच्या डाव्या अंगठ्याची नवी नोंद घेतली. स्टॅम्प पेपर अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर शेवटी "डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी" असे छापून खाली चौकोन ठेवलेला आहे, आणि तो कोरा आहे.