जांबोटीच्या पुढचा फोड

वाटेत भेटेल तो विचारायचा, नवस कसला? लेकीचं लग्न? ऑपरेशन? काही नाही म्हटलं तर कुणाला पटत नव्हतं. पण खरंच काही नव्हतं. नवरा बरा, लेक पुण्याला नोकरीत, मला बीपीची एक गोळी. रविवारची चर्चमधली मिस्सा कधी चुकली नाही, आत मात्र नुसतं कोरडं खटखटीत. प्रार्थनासभेत बायका हात वर करून 'प्रभूनं मला आनंद दिला' अशी साक्ष द्यायला लागल्या की मी घड्याळ बघायची. त्या खोटं बोलतात असं नाही म्हणत. मला दिला नव्हता, एवढंच.

२०२४ च्या नोव्हेंबरात ओल्ड गोव्याला सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन सुरू झालं. दहा वर्षांनी येतं ते. ३ डिसेंबरच्या त्याच्या फेस्ताला पोचायचं म्हणून आमची मंडळी बेळगावच्या कॅम्पातून, फातिमा कॅथेड्रलला गुडघे टेकून, पायी निघाली. मीही निघाले. का, ते घरी धड सांगता आलं नाही.

ऑफिसातल्या एकानं निघायच्या आदल्या दिवशी टोचलंच. म्हणाला, १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, ते चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं ते तुमच्या सायबानंच ना? त्यानंच. ते १५६० साली आलं, सायब जाऊन आठ वर्षं झाल्यावर. पण मागितलं होतं. मी नाही कशाला म्हणू? ते मनात घेऊनच चालले. पिरनवाडीपर्यंत बोचलं, मग पायांनी दुसरं काही बोचू दिलं नाही.

टेंपोत झेंडूच्या माळा घातलेली सायबाची तसबीर, मागं तांदूळ आणि गॅस, टपावर कर्णा. कर्ण्यावर एक काका जपमाळ सांगायचे. 'नमान मोरिये', म्हणजे मारियेची प्रार्थना, असं पळवायचे की आमचं उत्तर संपायच्या आत पुढचं सुरू. दहा मण्यांचं एक दशक कोकणीत, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. एरवी भाषेवरून आमच्याकडे बसगाड्या थांबतात. इथं कुणाला काही वाटत नव्हतं. मला राग यायचा तो फक्त वेगाचा. देवाला काय गाडी गाठायचीय?

गावागावांतल्या लोकांना पायी चालणाऱ्यांचं नवल नाही. कार्तिकीची दिंडी नुकतीच जाऊन आलेली. 'माउली, कुठली दिंडी?' म्हणायचे. गोव्याला म्हटलं की क्षणभर थांबायचे आणि मग पाणी पुढं करायचे.

जांबोटी सोडली आणि डाव्या टाचेला फोड आला. शनिवारची दुपार, उकाडा, उखडलेला रस्ता, गोव्याकडं जाणाऱ्या गाड्यांची धूळ तोंडावर. मी मागं पडत गेले. रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत म्हातारी शेंगा फोडत बसली होती. गळ्यात तुळशीची माळ. माझी चाल बघूनच ती उठली.

"बस गे हितं. चप्पल काढ."

मी म्हटलं, नको आज्जी, मंडळी पुढं जातील.

"जाऊंदेत की. पंढरी काय पळून जातीया व्हय?"

पंढरी नव्हे हो, गोवा, असं सांगायच्या आत तिनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला होता. मला कसंतरीच झालं. धुळीनं बरबटलेला पाय, आणि ती माझ्या आईच्या वयाची. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात ते दरवर्षी बघते. तिथं पाय आधीच घरून धुऊन आलेले असतात. आज्जीनं तांब्यानं पाणी घातलं, पदरानं टिपलं. सुईत पांढरा दोरा ओवला, सुई दिव्यावर धरली आणि फोडातून अलगद आरपार काढली. दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूंनी बोटबोट टोकं सोडून कापला.

"कातडं काढायचं न्हाई. पाणी दोऱ्यानं निथळतंय. आमी वारीत असंच करतो."

पाणी खरंच दोऱ्यावरून थेंब थेंब उतरायला लागलं. वरून हळद-तेल. मग चहा, गुळाचा. मग शेंगा. मी ख्रिश्चन, असं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असूंदे की. फोड सगळ्यांनाच येतोय."

एवढ्यात टेंपोचा कर्णा लांब जाताना ऐकू आला. शनिवार, म्हणजे जपमाळेत आनंदाची रहस्ये, येशूच्या जन्माचे-बालपणाचे पाच प्रसंग. पाचवं चाललं होतं, बाळ येशू मंदिरात सापडतो ते. आणि माझ्या लक्षात आलं की मला सोडून सगळे निघून गेले. पुढच्यांना वाटलं मी मागच्यांत, मागच्यांना वाटलं टेंपोत. फोनला रेंज नाही. पहिल्यांदा असा संताप आला की डोळ्यांत पाणी. वर्गणी घेताना बरोबर नाव लिहून घेतात!

मग हसू फुटलं. कारण कर्ण्यावर काका तेच तर सांगत होते. मारिया आणि योसेफ यरुशलेमची यात्रा करून परत निघाले, पोरगा सोबत्यांत असेल असं धरून दिवसभर चालले, आणि तो तीन दिवसांनी सापडला. हे आनंदाच्या रहस्यांत मोजतात. चौथ्यात शिमोन त्या आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल, तेही आनंदाचंच. लहानपणापासून मणी ओढतेय. आनंदाच्या यादीत इतका घोर आहे हे कधी बघितलंच नव्हतं. मी आपली घोर संपायची वाट बघत बसलेले.

त्या पडवीत, टाचेत दोरा घेऊन, मी इतकी हसले की आज्जीला वाटलं ऊन लागलं. आत काहीतरी हललं होतं. मोठं नव्हे, उजेडबिजेड काही दिसला नाही. कोरडं होतं तिथं ओल आली, एवढं म्हणता येईल.

आज्जीचा नातू मोटारसायकलवर सोडतो म्हणाला. नको म्हटलं, पायीच जायचंय. कणकुंबीपर्यंत एकटीच गेले, माझ्या वेगानं, एकेक 'नमो मारिया' सावकाश म्हणत. पोचले तेव्हा अंधार पडलेला. आमचे म्होरके माझ्यावरच ओरडले, मीही सोडलं नाही, सगळ्यांसमोर कडाक्याचं भांडण झालं. आणि भांडताना जाणवत होतं, ओल आहे अजून. गेली नाही. याचंच मला सगळ्यात नवल वाटलं. राग आला की आनंद निघून जाणार, असंच मी धरून चालले होते. बायबलातल्या पौलानं फिलिप्पैकरांना 'सर्वदा आनंद करा' लिहिलं ते तुरुंगातून. तिथं काही त्याचं मन रोज प्रसन्न नसणार.

चोर्ल्याचा घाट, केरी, साखळी, आमोण्याचा पूल, माशेल, बाणस्तारी. सांगण्यासारखं विशेष नाही. ओल्ड गोव्याच्या से कॅथेड्रलात तासन्‌तास रांग आणि शवपेटीच्या काचेपुढं पुरता क्रूस काढायलाही वेळ नाही. स्वयंसेवक 'चला चला'. चीनला जायचं म्हणून निघालेला हा माणूस चीनचा किनारा समोर असताना शांगचुआन बेटावर वारला, १५५२ साली, एवढंच तिथं डोक्यात आलं. मागायचं काहीच सुचलं नाही.

परतताना टेंपोवाल्याला त्या घरापाशी थांब म्हटलं तर थांबला नाही. आधीच उशीर झाला म्हणाला.

फेब्रुवारीत बसनं गेले, अर्धा किलो कुंदा घेऊन. आज्जी नव्हती, माघीला पंढरपूरला गेलेली. सुनेनं डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "आत्याबाईंना शुगर हाय हो ताई." मग तिनं मुलांना हाक मारली. आम्ही बोलत होतो तोवर त्यांनी अर्धा संपवला.