उलंगवाडीनंतर पोहरादेवी

आम्हा बंजाऱ्यांची पोहरादेवीची पायदळ वारी रामनवमीला पोचवायची असते. आम्ही ती पंचांगाइतकीच शेताकडे पाहून धरतो. कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झालेली असते, तूर-हरभरा घरात येतो, पऱ्हाटी धुऱ्यावर पडते. ऊसतोडीला गेलेल्या जोड्याही कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की तांड्यावर, आपल्या वस्तीवर, परततात. अडचण सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याची. त्याचे साल पाडव्याला बदलते आणि नवमी लगेच आठवडाभरात. साल ठरतानाच वारीचे दिवस मालकाकडून कबूल करून घ्यावेत. मागून मागितले तर खाडे धरतात.

शेती आमच्याकडे उशिराच आली. वाडवडील लदेणीवाले, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, बैलांचा धंदा बसत गेला, आणि पुसद-दिग्रस-मानोऱ्याकडे तांडे स्थिरावले. चांगली काळी जमीन आधीच धरलेली. उशिरा आलेल्या बहुतेकांना बरड, हलकी जमीन मिळाली. आमचे संत सेवालाल महाराज त्याच लदेणीतले, १७३९ चा जन्म, आंध्रातल्या गुत्तीकडचा. समाधी मात्र पोहरादेवीला, वाशीम जिल्ह्यात. म्हणून तेलंगण-कर्नाटकातलेही तांडे इथे येतात.

चालणे पहाटे साडेतीनला सुरू, साडेनऊला बंद. पुन्हा पाच ते आठ. दिवसाला वीस-बावीस किलोमीटर बस झाले. हौसेने तीस ओढले की दुसऱ्या दिवशी अर्धी दिंडी ट्रॉलीत बसलेली दिसते. मुक्काम पाणी पाहून ठरवायचा, मोठे गाव पाहून नव्हे. चैत्रात विहिरी तळाला जातात, त्यामुळे एकाने आदल्या दिवशी मोटारसायकलने जाऊन हापशी चालू आहे का हे स्वतः हापसून पाहावे. फोनवरच्या "आहे ना पाणी" वर विसंबू नये. पन्नास माणसांना पिणे, स्वयंपाक आणि हातपाय धुणे मिळून पाचशे लिटर लागते. आंघोळ वेगळी.

फोड येतात ते नव्या चपलेने आणि ओल्या पायाने. वापरून मऊ झालेले जोडे, सुती मोजे, आणि दर थांब्याला मोजे बदलून पाय कोरडे करणे, एवढ्याने पुष्कळ टळते. फोडाची कातडी कापू नये. बायांनी आरशांची जड फेटिया-काचळी (घागरा-चोळी) गाठोड्यात ठेवावी, समाधीच्या दिवशी घालावी.

नुसते पाणी ढोसत राहिले की पिंढऱ्यांत गोळे येतात. एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून घोट घोट प्यावे. खिशातल्या कांद्यावर माझा भरवसा नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला तर सावलीत निजवून अंगावर ओली चादर टाकावी, वारा घालावा आणि गाडी थेट दवाखान्याकडे न्यावी. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये, ठसका लागतो.

खायला ज्वारीची भाकर आणि बेसन. पन्नास जणांना एका वेळी दहा किलो पीठ पुरते. सकाळचा भात दुपारपर्यंत आंबतो, तो नकोच.

भोगासाठी, म्हणजे निखाऱ्यावर तूप-शिरा अर्पण करायला, गोवऱ्या तांड्यावरूनच न्याव्या. तिथे गर्दीत मिळाल्या तरी ओलसर निघतात, आणि कच्च्या निखाऱ्यावर तूप टाकले की ज्वाळेऐवजी धूर होतो. निखारा लाल होऊ द्यावा, मगच तुपाची धार. शिऱ्याला चार किलो कणीक, तीन किलो गूळ. गूळ आधी पाण्यात उकळून गाळून घ्यावा. खडे तसेच टाकले तर गाठी होतात, खडाही दाताखाली येतो. अरदास, म्हणजे प्रार्थना, तांड्याचा नायक म्हणतो. त्यात गोरगरिबापासून किडी-मुंगीपर्यंत सगळ्यांचे बरे मागितलेले असते. पाऊस मागायचा तो ज्याचा त्याने मनात.

परतताना कोणी चालत नाही. ट्रॅक्टरच्या डिझेलची वर्गणी निघण्याआधीच जमा करावी, कारण यात्रेत खिसे रिकामे होतात आणि मग कारभाऱ्याला पदरचे घालावे लागते.