बाबांची सात मिनिटं

रविवार, रात्री पावणेअकरा

आज एक गंमत कळली, ती लिहून ठेवायलाच हवी नाहीतर उद्या सकाळच्या धावपळीत विसरून जाईन.

तीन आठवड्यांपूर्वी माळ्यावरची पेटी उघडली होती, त्यात बाबांचं घड्याळ सापडलं. एचएमटी जनता, चावीचं, पांढरी तबकडी आता दुधाच्या चहासारखी झालेली, पट्ट्याचे तुकडे पडलेले. १९७९ साली पहिल्या बोनसमधून घेतलेलं, आणि मग २००७ ला रिटायर होईपर्यंत रोज मनगटावर. रिटायरमेंटला ऑफिसच्या लोकांनी काय दिलं तर घड्याळच! ते सोनेरी होतं, सेलवालं, बाबांनी एकदाही घातलं नाही. मला कायम प्रश्न पडतो की ज्याला उद्यापासून कुठेही वेळेवर पोचायचं नाहीये त्याला घड्याळ का देतात.

लेकीला दाखवलं तर ती म्हणाली, अय्या क्यूट, आणि मोबाईलवर फोटो काढला. किती वाजलेत यात, मी विचारलं. घड्याळ बंद होतं पण काटे पावणेसातवर होते. तिने पाच पाच करत मोजलं आणि म्हणाली सहा पंचेचाळीस. म्हटलं हो, म्हणजे पावणेसात. तर म्हणे पावणेसात म्हणजे सहा पंचेचाळीस की सात पंचेचाळीस, मला नेहमी कन्फ्यूज होतं. चौदा वर्षांची मुलगी, मराठी घरातली. मला आधी राग आला, मग वाटलं तिचा तरी काय दोष, मोबाईलवर ६:४३ दिसतं, ६:४४ दिसतं, पावणेसात दिसतच नाही कुठे. पाऊण, सव्वा, साडे हे सगळं तबकडीवर डोळ्यांना दिसायचं, भाकरीच्या चतकोरासारखं. आणि पावणेसात म्हटलं की त्यात दोन मिनिटं इकडची दोन तिकडची आपोआप यायची, कुणी भांडायचं नाही.

तसं बघितलं तर घरात आता मनगटावर काहीतरी बांधणारा एकच माणूस, नवरा, आणि त्याचं ते स्मार्टवॉच पावलं मोजतं, झोप मोजतं, ऑफिसचे मेसेज आले की थरथरतं. रात्री चार्जिंगला लावायचं. त्याला वेळ विचारली तर तो सवयीने खिशातला फोन काढतो! भाचा नीटला बसला तेव्हा तर घड्याळ घालायलाच बंदी होती, हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ असतं ते बघायचं. आमच्या वेळी दहावीच्या परीक्षेला काकाने खास घड्याळ दिलं होतं आणि बाकावर काढून समोर ठेवणं ही एक स्टाइल होती.

असो. घड्याळ घेऊन स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. दुकान म्हणजे काय, पुढे सगळी मोबाईलची कव्हरं आणि चार्जर, आत कोपऱ्यात एक टेबल, तिथे एक काका डोळ्याला भिंग लावून. म्हणाले ताई, आता नुसती सेल टाकायची कामं येतात, नाहीतर पट्टे. चावीचं वर्षातून दोन-चार. पण एचएमटी बघून खूश झाले. मागचं झाकण उघडून दाखवलं, लाल लाल ठिपके, हे ज्वेल्स. लहानपणी आम्ही सगळ्या मुलांना सांगत फिरायचो की बाबांच्या घड्याळात सतरा हिरे आहेत. हिरे कसले, कारखान्यात बनवलेली माणकं, चाकांची टोकं त्यावर फिरतात म्हणजे घासून झिजत नाहीत. काकांनी ते कानाशी धरायला लावलं, सेकंदाला पाच वेळा टिकटिक, मला तर मोजताही येईना. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, ते ऐकू येणं शक्यच नाही, आणि त्यापुढे हे बिचारं पाच.

त्या थरथरण्यानेच एचएमटीला मारलं खरं तर. १९६१ साली जपानच्या सिटिझनची मदत घेऊन बंगळुरात सरकारने हा कारखाना सुरू केला, पुढे कित्येक वर्षं घड्याळ म्हणजे एचएमटीच. मग १९८४ ला टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन काढली, होसूरला कारखाना, आणि सगळा भर क्वार्ट्झवर. एचएमटीनेही क्वार्ट्झ काढली होती पण जीव चावीतच अडकलेला. शेवटी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी बाबाही गेले. योगायोग आहे नुसता, पण माझ्या डोक्यात ते एकत्रच बसलंय.

आता मूळ गोष्ट. आमच्या घरात बाबांची वेळ ही वेगळी असायची. बाबांचं घड्याळ सात मिनिटं पुढे. डोंबिवलीहून ७:५२ ची लोकल, ती चुकली की लेटमार्क, म्हणून पुढे लावतात असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. भिंतीवरचं घड्याळ वर्षानुवर्षं साडेचारला अडकलेलं, त्यामुळे बाबा आंघोळीला गेले की फळीवर काढून ठेवलेलं हे घड्याळ बघून आई स्वयंपाक करायची, मनात सात वजा करून. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर बातम्यांआधीचं घड्याळ लागलं की बाबा चावी बाहेर ओढून वेळ लावायचे, त्या वेळी कुणी बोलायचं नाही.

आजी म्हणायची यात नवल ते काय, आख्खी मुंबई एके काळी स्वतःच्या वेळेवर चालायची. आणि ते खरंच आहे. १९०६ साली देशभर स्टँडर्ड टाइम आला तरी मुंबईचा बॉम्बे टाइम त्याच्या ३९ मिनिटं मागे होता आणि तो १९५५ पर्यंत टिकला. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे स्टँडर्ड टाइम असं लिहायला लागायचं म्हणे, नाहीतर अर्धं वऱ्हाड अक्षता पडल्यावर यायचं. हल्ली माझं घड्याळ पुढे आहे, तुझं मागे आहे, हे वाक्यच कुणी बोलत नाही. सगळ्यांचे फोन एकच वेळ दाखवतात, उशीर झाला तर कारण म्हणून ट्रॅफिकच उरलाय.

तर गेल्या शनिवारी घड्याळ परत आणलं. काका म्हणाले, धुऊन तेल घातलंय, मस्त चालतंय, पण दिवसाला मिनिटभर मागे पडतंय, आठवडाभर वापरून बघा, मग या, टायमिंग करून देतो. मी रविवारी संध्याकाळी हौसेने सात मिनिटं पुढे लावलं, बाबांसारखं, आणि रोज सकाळी चावी देत राहिले. एकदा पूर्ण चावी दिली की दीडेक दिवस चालतं. सोमवारी पुढे होतं, बुधवारी बघितलं तर चार-साडेचार मिनिटं, काल दीड मिनिट. आज संध्याकाळी फोनशेजारी ठेवलं तर बरोब्बर.

मला पाच मिनिटं काही सुचलंच नाही. म्हणजे लोकलसाठी वगैरे काही नव्हतंच ते! घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडायचं, आठवड्याचे दिवस सात, म्हणून सात मिनिटं. दुरुस्तीला पैसे कोण घालवणार, रविवारी लावलं की पुढच्या रविवारपर्यंत बघायला नको. अकाउंट्समधला माणूस, दुसरं काय करणार.

आणि मग शनिवार आठवला. शनिवारी आमच्या घरी हमखास भांडण. डबा तयार नसायचा, बाबा एक हात शर्टात घालून जिना धावत उतरायचे, आई वरून ओरडायची की अजून पाच मिनिटं आहेत, आणि बाबा खालून, नाहीयेत! सोमवारी मात्र सगळं शांत, डबा वेळेत. आम्हाला वाटायचं शनिवारी हाफ डे म्हणून आई जरा निवांत असते.

आईला लगेच नाशिकला फोन लावला. ती झोपायच्या तयारीत होती. सगळं नीट समजावून सांगितलं, मिनिटाचा हिशोब, सात कसे आले, शनिवारी का घोटाळा व्हायचा. बराच वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं मी सात वजा करत होते गं. त्यांना तोंड नव्हतं का सांगायला?"

म्हटलं, तू कधी विचारलंस का.

"मी कशाला विचारू, मला माहीत होतं ना सात मिनिटं पुढे आहे ते." आणि हसायलाच लागली, दादा उठून आला बघायला काय झालं म्हणून.

काकांकडे उद्या जायचं ठरलं होतं टायमिंग करायला. बहुतेक नाही जाणार. आत्ताच सात मिनिटं पुढे लावून ठेवलंय, म्हणजे वर लिहिलेली पावणेअकराची वेळ कुठल्या घड्याळातली ते आता मलाच आठवत नाहीये.