नामिबियाच्या वाळवंटात सोळा दिवस : काही अनुभव, काही सूचना

नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिबियाचे क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक आहे. आणि तिथली लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेत जेमतेम ३० लाख भरली, म्हणजे २०११ साली ४३ लाखांवर गेलेल्या आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्यापेक्षाही कमी. निघण्यापूर्वी हे आकडे वाचून आम्ही मान डोलावली होती. त्यांचा अर्थ मात्र तिथे पोहोचल्यावर, दोन तासांत समोरून एकही वाहन आले नाही तेव्हा कळला. म्हणून पुढे जाणाऱ्यांना पहिली सूचना हीच, की आखणी किलोमीटरवर करू नये, उजेडावर करावी. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो, साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधार पडल्यावर कुडू नावाची मोठी हरणे व रानडुकरे रस्त्यावर येतात. दिवसाला ३०० किलोमीटरपेक्षा जास्त मुरमाचा रस्ता धरू नये, आणि चारनंतर नवा टप्पा सुरू करू नये.

आम्ही चौघे होतो : मी, सौ., मेहुणे आणि त्यांच्या पत्नी. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, तिथून इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे विमानाने नामिबियाची राजधानी विंडहुक. या मार्गाने जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचा विचार आधीच करावा. ती मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोलापूरच्या आरटीओतच काढता येतो. तिथे आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात, हा मोठाच दिलासा. विजेचे सॉकेट आपल्याकडच्या पंधरा अँपियरच्या जाड तीन पिनांचे असते. म्हणून विमानतळावर महागडा अडॅप्टर घेण्याऐवजी बाजारातून जाड पिनांचा साधा जोड घेऊन जावा.

गाडी फोर बाय फोरच घ्यावी आणि स्टेपन्या दोन मागून घ्याव्यात. टपावर उघडणारे तंबू असलेली गाडी घेतली तर मुक्कामाचा खर्च बराच उतरतो. करारपत्र मात्र सही करण्यापूर्वी बारकाईने वाचावे. आमच्या विम्यात काच आणि टायर नव्हते, हे आम्हाला गाडी परत करताना, समोरच्या काचेवरच्या बोटभर तड्याचे पैसे भरताना समजले. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात, हेही लक्षात असू द्यावे.

विंडहुकहून दक्षिणेला कीटमन्सहूपपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर डांबरी रस्ता आहे. वाटेत मारिएन्टालजवळ फिश नदीवरचे हारडाप धरण लागते. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेली असल्यामुळे मी तिथे तासभर काढला आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. पण या देशाच्या अंतर्भागात बारमाही वाहणारी एकही नदी नाही, अशा नद्या फक्त सीमांवर आहेत, हे ऐकल्यावर उजनीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या माणसाला तिथून हलवत नाही.

हीच फिश नदी पुढे फिश रिव्हर कॅन्यन कोरते. लांबी सुमारे १६० किलोमीटर, काही ठिकाणी रुंदी २७ किलोमीटर, खोली साडेपाचशे मीटरपर्यंत. आम्ही होबासला तंबू ठोकले आणि पहाटे दहा किलोमीटरवरच्या मुख्य कठड्यावर गेलो. अंधारात खाली काहीच दिसत नव्हते. मग पलीकडच्या कड्याची वरची कड तांबूस झाली, ती तांबूस रेघ हळूहळू खाली उतरू लागली, आणि अर्ध्या तासाने अगदी तळाशी नदीचे वळण चकाकले. ते वाहते पाणी नव्हते; पावसाळ्यानंतर उरलेले डोह होते. ज्यांना खाली उतरायचे आहे त्यांनी समजून घ्यावे, की एका दिवसापुरते उतरण्यास परवानगी नाही. साधारण ८५ किलोमीटरची चार-पाच दिवसांची पदयात्रा आहे, ती मे ते मध्य सप्टेंबर एवढ्याच काळात खुली असते, आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. आमच्या गुडघ्यांनी वरूनच दर्शन घेतले.

तिथून पश्चिमेला औस आणि ल्यूडेरिट्झ. औसच्या पुढे वीसेक किलोमीटरवर गारूबच्या पाणवठ्यावर वाळवंटातले रानटी झालेले घोडे दिसतात. ल्यूडेरिट्झ हे जर्मन वळणाच्या घरांचे, सतत वाऱ्याचे बंदर आहे. १९०८ साली जवळच रेल्वेमार्गावरची वाळू उपसताना झकारियास लेवाला या कामगाराला हिरा सापडला आणि कोल्मन्सकोप गाव उभे राहिले. १९५६ पर्यंत ते पूर्ण ओस पडले. आज तिथल्या दिवाणखान्यांत खिडकीच्या उंचीपर्यंत वाळू भरलेली आहे आणि दारे त्या वाळूत अर्धवट उघडी अडकली आहेत. दुपारी एकला ते बंद होते, म्हणून सकाळीच जावे. गावातल्या शार्क आयलंडवर आज तंबूंचे मैदान आहे, पण १९०५ ते १९०७ दरम्यान तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मनांनी तिथे स्थानिक हेरेरो आणि नामा लोकांची छळछावणी चालवली होती. आम्ही तिथे मुक्काम केला नाही; करणाऱ्यांना दोष देत नाही, पण निदान हे माहीत असावे.

ल्यूडेरिट्झहून सेस्रीमकडे, म्हणजे सोसुसव्लेईच्या वाळूच्या डोंगरांच्या प्रवेशद्वाराकडे, येताना आम्ही डी ७०७ हा आडमार्ग निवडला. डावीकडे लाल टेकड्या, उजवीकडे काळे डोंगर, असा रस्ता पुन्हा बघायला मिळणार नाही. त्याच रस्त्यावर मागचा डावा टायर फाटला. मुरमावर वेग ८० च्या आत ठेवावा आणि टायरमधली हवा थोडी कमी करावी, असे गाडी देणाऱ्याने सांगितले होते; मी वेग पाळला, हवा काढली नाही. आडव्या लाटांसारख्या झालेल्या त्या रस्त्यावर ताठ टायर दगडाला सापडला. त्यातून जॅक लावला, तर गाडी उचलण्याऐवजी जॅकच मुरमात रुतू लागला. शेवटी मेहुण्यांनी पोळपाट काढला. तो जॅकखाली ठेवून स्टेपनी बसवली; पोळपाटाला मधोमध खळगा पडला आहे आणि तो घरी तसाच जपून ठेवला आहे. आपण फळीचा एक जाड तुकडा आधीच गाडीत टाकावा. पाऊण तासाने एक शेतकरी पिकअप घेऊन आला, थांबला, नट पुन्हा एकदा आवळून दिले आणि पन्नास किलोमीटरनंतर ते परत तपासा असे सांगून गेला. तो सल्ला खरा निघाला; दोन नट ढिले झाले होते. माणशी पाच लिटर पाणी कायम जवळ ठेवावे, आणि टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरावी. काही ठिकाणी कार्ड चालत नाही, म्हणून रोख हवीच.

सोसुसव्लेईच्या वाळूच्या डोंगरांची छायाचित्रे सर्वांनीच पाहिलेली असतात, त्यामुळे एवढेच सांगतो की मुक्काम सेस्रीमच्या आतल्या तळावर करावा. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी पुढे सोडतात; बाहेरच्यांना सूर्योदयाची वाट पाहावी लागते. साठ किलोमीटर डांबरी रस्ता संपला की शेवटचे पाच किलोमीटर भुसभुशीत वाळू आहे. सराव नसेल तर तिथली ने-आण करणारी गाडी घ्यावी. जवळच्याच डेडव्लेई या कोरड्या तळ्यातली काळी झाडे शेकडो वर्षांपूर्वी वाळली आहेत. वाळूने नदीची वाट अडवली आणि हवेत ओलावाच नाही, म्हणून ती कुजलीही नाहीत. रात्री तंबूत थंडी हाडांत शिरते. बरोबर नेलेल्या दोन सोलापुरी चादरींनी इथे भाड्याच्या झोपण्याच्या पिशव्यांना लाजवले.

पुढे कुइसेबचा घाट उतरून वॉल्विस बे आणि स्वाकोपमुंड. वाळवंट थेट समुद्राला मिळते आणि बेंग्वेला या थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावर सकाळी दाट धुके असते, त्यामुळे कालपर्यंत डोक्यावर टोपी घेणारे आम्ही इथे स्वेटर घालून फिरलो. वॉल्विस बेच्या खाडीतले रोहित पक्षी पाहून उजनीच्या फुगवट्याची आठवण झाली. स्वाकोपमुंड हे किराणा भरण्याचे, कपडे धुण्याचे आणि टायर दुरुस्त करण्याचे ठिकाण आहे. दोन दिवस ठेवावेत. उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर केप क्रॉस येथे सीलांची प्रचंड वसाहत आहे. १४८६ साली पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो कांव इथे क्रूस रोवून गेला होता. वास असा, की रुमालाची घडी नाकावरून हटवता येत नाही.

शेवटचे चार दिवस इटोशा. हे राष्ट्रीय उद्यान सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि मध्ये पांढऱ्या खारट मातीचे विस्तीर्ण पात्र आहे. कोरड्या ऋतूत जनावरे पाणवठ्यावर येतातच, म्हणून फिरत राहण्यापेक्षा एका पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून बसावे. ओकाउकुएयो या तळावरच्या प्रकाशझोतातल्या पाणवठ्यावर रात्री अकराच्या सुमारास दोन काळे गेंडे आले. हत्ती पाणी पिऊन होईपर्यंत ते वीस पावलांवर थांबून राहिले. मातीने पांढरे झालेले ते हत्ती चुन्याच्या भट्टीतून बाहेर आल्यासारखे दिसत होते.

माझ्यासाठी मात्र सफर सार्थकी लागली ती उद्यानातल्याच हलाली तळाच्या वाटेवर. गवतात राखाडी रंगाचा एक पक्षी उभा होता : मानेवर बारीक आडव्या रेघा, डोक्यावर काळा तुरा, पिवळसर पाय. कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद. याचा नर अठरा किलोपर्यंत भरतो, आणि उडणाऱ्या पक्ष्यांत त्याच्याएवढे जड फार थोडे. तो एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मान लांबवायचा, काहीतरी टिपायचा, मग दुसरे पाऊल. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक बघायला मी लहानपणापासून कितीतरी वेळा गेलो आणि बहुतेक वेळा काळविटांवर समाधान मानून परतलो. इथे दुपारपर्यंत सात मोजले. गाडीतले बाकीचे सिंह शोधायला चला म्हणून मागे लागले होते.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट लक्षात ठेवावी. इटोशातून दक्षिणेकडे बाहेर पडताना कच्चे मांस आहे का, याची तपासणी होते, कारण उत्तरेकडून लाळ्या-खुरकूत पसरू नये यासाठी देशाला आडवे कुंपण घातलेले आहे. नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडच्या बरोबरीने चालतो, पण देशाबाहेर त्याला कोणी विचारत नाही. उरलेले पैसे विंडहुकमध्येच संपवावेत. मांसाच्या त्या तपासणीत आमचे सामान पाहणाऱ्या बाईंनी बर्फाची पेटी उघडली, तेव्हा तळाशी शेंगाचटणीची पुडी आणि सोळा दिवस पुरून उरलेल्या दोन कडक भाकरी होत्या. त्यांनी एका भाकरीवर बोटाने टकटक केले, हे खायचे असते का असे विचारले, आणि एक तुकडा मोडून तोंडात टाकत आम्हाला पुढे जायची खूण केली.